डबीतला परका आवाज

१

डबीतला शामलाबाईंचा आवाज कुणीतरी पुसून टाकला, असं उमाबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा अमरनाथ बिराजदार गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसले होते. फौजदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना फार काळ झाला नव्हता. नोकरीची शेवटची वर्षं सायबर शाखेत गेली. लुबाडलेली माणसं समोरच्या खुर्चीत बसून रडायची आणि लुबाडणारा भलत्याच राज्यातल्या भलत्याच खोलीत बसलेला असायचा. कुणी केलं आणि का केलं, या दोन प्रश्नांचा त्यांना आता मनापासून कंटाळा आला होता.

"पोलीस स्टेशनला तक्रार द्या," ते म्हणाले.

"द्यायची असती तर तुम्हाला कशाला फोन केला असता?" उमाबाई म्हणाल्या. "आणि नाव कुणाचं घालू? बाईंच्या मुलाचं?"

अमरनाथांनी पाय बाहेर काढले आणि टॉवेल शोधायला लागले.

जळकोटला महामार्ग सोडून थोडं आत गेलं की उमाबाईंचं अंध मुलींचं वसतिगृह लागतं. तिथल्या ग्रंथालयात पुस्तकाचं एकही कपाट नव्हतं. टेबलावर एक डबी होती. पत्त्यांच्या कॅटाएवढा, एकाच पाटीवर सगळं बसवलेला छोटा संगणक, लिनक्सवर चालणारा. त्याला आखूड वायरीनं एक चपटी डिस्क जोडलेली, एसएसडी म्हणतात ती. सगळी पुस्तकं त्या डिस्कवर. शेजारी स्पीकर आणि माईक. मुली मोबाइल डबीला जोडायच्या आणि हवं ते पुस्तक ऐकायच्या. गावातलाच रुद्रेश पुण्याला इंजिनिअर होता, त्यानं ती बसवून दिली होती. पुढं वर्षभरापूर्वी त्यानंच जुन्या मेमरी कार्डाऐवजी ही डिस्क जोडली, कारण पुस्तकं वाढत चालली होती.

डिस्क जोडल्यावर खरी वाढली ती शामलाबाईंमुळं. तुळजापूरच्या शाळेत सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात गेलेली. घशाचा कर्करोग निघाला, स्वरयंत्र काढावं लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि बाई दुसऱ्या दिवशी जळकोटला येऊन माईकसमोर बसल्या. गेल्या गणपतीपासून दिवाळीपर्यंत त्यांनी बारावीची पुस्तकं वाचून काढली. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. आता गळ्याला पाडलेल्या छिद्रातून त्या श्वास घेत होत्या आणि बोलणं कायमचं संपलं होतं.

"आज सकाळी मुली ऐकायला बसल्या तर बाईंचं एकही पुस्तक नाही," जळकोटला पोचलेल्या अमरनाथांना उमाबाई सांगत होत्या. साठीची बाई, रात्रभर न झोपल्यासारखी दिसत होती. "दुसरी प्रत काढून ठेवू, असं रुद्रेश म्हणाला होता. राहूनच गेलं. परीक्षा तोंडावर आलीय, साहेब."

"बाईंच्या मुलाचं नाव का घेतलंत?"

"काल संध्याकाळी गुरुप्रसाद इथं आला होता. बाईंना घेऊन. त्या ग्रंथालयात जाऊन बसल्या आणि हा माझ्या ऑफिसात. दिवसभर आईचा आवाज इथं घुमतो, तो ऐकून ती घरी जाऊन रडते, म्हणाला. सगळ्या मुलींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडला." उमाबाईंनी दाराकडं बघून आवाज खाली आणला. "म्हणाला, तो आवाज पुसून टाका. तुम्ही पुसणार नसाल तर मी पुसतो."

२

अमरनाथांनी गुरुप्रसादला फोन लावला. तो तुळजापुरातल्या एका कॉलेजात कारकून होता.

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "रागात म्हणालो. पुसलं असतं तर तसंही सांगितलं असतं, फौजदार साहेब. मला चोरून काही करता येत नाही."

"मग काल ऑफिसातून निघाल्यावर तुम्ही कुठं गेलात?"

"गाडीत जाऊन बसलो. आईला नागम्मा घेऊन आली." आणि त्यानं फोन ठेवला.

असं बोलणारी माणसं अमरनाथांनी पुष्कळ पाहिली होती. त्यातली काही खरं बोलत, काही नाही, आणि आवाजावरून ते कळतं असं म्हणणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

शिवकांता ही वसतिगृहातली शिक्षिका. शामलाबाईंच्या आधी तीच पुस्तकं वाचायची. तिची पुस्तकं जशीच्या तशी डबीत शाबूत होती. हे तिला ठाऊक होतं, आणि आपल्याला ते ठाऊक आहे हे सगळ्यांना दिसतंय, याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

"मुली म्हणायच्या, शिवकांता मॅडम वाचतात की कंडक्टर गावं पुकारतोय," ती म्हणाली. "बाई आल्यावर माझं कुणी ऐकेना. मला वाईट वाटलं, सर. खोटं कशाला बोलू? पण म्हणून मी बाईंचं पुसीन?"

"डबीचा पासवर्ड कुणाकडं आहे?"

"माझ्याकडं आणि रुद्रेशकडं." तिनं मान खाली घातली. "म्हणजे माझ्यावरच येणार."

स्वयंपाकीण नागम्मा पदराला हात पुसत दारात उभी राहिली. तिचं माहेर सीमेपलीकडचं, बोलताना मधूनच कानडी हेल यायचा.

"काल बाई ग्रंथालयात होत्या तेव्हा तू तिथं होतीस?"

"व्हय. चहा दिला त्यान्ला."

"डबीला कुणी हात लावला का?"

"न्हाय अण्णा. डबीला कुणी बी हात लावला न्हाय," नागम्मा चटकन म्हणाली. "म्या बगितलंय की. त्या चपट्या डिस्काची निळी लाईट तेवडी काल सांजच्यापासनं मिचमिच कराय लागलीया. पयले अशी करत नव्हती." एवढं बोलून ती पोळ्या करपतील म्हणून निघूनही गेली.

उरली अक्षरा. बारावीतली. पुस्तकं गेल्याचं पहिल्यांदा तिलाच कळलं होतं. ती भिंतीला टेकून ताठ बसली होती, रडून झालं होतं.

"सकाळी काय काय झालं ते क्रमानं सांग. बिनमहत्त्वाचं वाटेल तेही."

"बाईंचं पुस्तक सापडेना म्हणून मी उमाबाईंना बोलावलं. त्यांनी डबी बंद करून परत चालू केली. मग ती बोलली."

"कोण बोललं?"

"डबी. चालू झाली की ती नमस्कार करते ना. आधी रुद्रेशदादानं मशीनचा आवाज घातला होता. 'नमस्कार, ग्रंथालय सुरू झाले आहे.' सपाट, पत्र्यासारखा. बाई आल्यावर त्यांनी तो काढायला लावला आणि स्वतःच्या आवाजात घातला. 'या गं पोरींनो, बसा.'" अक्षरानं ओढणीनं नाक पुसलं. "आज परत पत्र्याचा आवाज आला, सर. तो तर केव्हाच काढून टाकला होता. मग तो आला कुठनं?"

अमरनाथ टेबलावरच्या डबीकडं वळले. पुसणारा माणूस असलेलं घालवतो. नसलेलं परत कशाला आणील?

३

"शिवकांता मॅडम, बाईंच्या पुस्तकांखेरीज आणखी काय गेलंय?" त्यांनी विचारलं. "आणि जे गेलं होतं ते काय परत आलंय?"

ती मोबाइलवर शोधू लागली. काही वेळानं तिचा चेहरा बदलला. गेल्या वर्षात तिनं स्वतः वाचलेलं एक पुस्तकही गेलं होतं. आणि चुकांमुळं तिनंच पुसलेली, कधीची विसरलेली एक गोष्ट पुन्हा यादीत येऊन बसली होती.

"म्हणजे कुणी काही पुसलेलं नाही," अमरनाथ म्हणाले. "आपण बघतोय तीच डबी जुनी आहे. वर्षापूर्वीची."

त्यांनी रुद्रेशला फोन लावून सगळं सांगितलं.

"सर, ते जुनं मेमरी कार्ड," रुद्रेश हळूच म्हणाला. "डिस्क जोडली तेव्हा मी कार्ड काढलंच नाही, डबीच्या पोटात तसंच राहू दिलं. डबीला सांगून ठेवलं, आधी डिस्कवरून चालू हो, डिस्क नाही मिळाली तर कार्डावरून हो. अडीअडचणीला असावं म्हणून."

"म्हणजे तिला काल डिस्क मिळाली नाही."

"आणि ती कार्डावर गेली. वर्षभरापूर्वीचं सगळं त्यावर तसंच आहे. तुम्ही कार्ड काढा आणि टीव्हीची वायर डबीला लावा. पडद्यावर काय येतं ते मला सांगा."

हॉलमधला टीव्ही आणला. ऐकायला म्हणून मुली दारात गोळा झाल्या. शिवकांतानं डबीच्या पोटातून नखाएवढं कार्ड काढलं आणि डबी चालू केली. डिस्कचा निळा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं तीच तीच येत राहिली. वरच्या कोपऱ्यात विजेच्या आकाराचं छोटं पिवळं चित्र होतं. कंपनीचं चिन्ह असेल असं अमरनाथांना वाटलं आणि त्यांनी तिकडं फारसं लक्ष दिलं नाही. ते रुद्रेशला इंग्रजी अक्षरं वाचून दाखवत होते.

"डिस्क सापडत नाही असं म्हणतेय ती," रुद्रेश म्हणाला. "वायर काढून परत लावा."

लावली. तेच. डिस्क दुसऱ्या भोकात लावली. तेच.

पुण्यातल्या रस्त्यावरचे हॉर्न तेवढे फोनमधून येत होते.

"सर, मुलींसमोर सांगू नका," रुद्रेश म्हणाला. "डिस्क गेली."

पण फोनचा स्पीकर चालू होता आणि दारातल्या मुलींचे कान तयार होते. अक्षरा वळली आणि भिंतीला हात लावत निघून गेली.

४

गुन्हेगार नाही, हे ऐकून एरवी अमरनाथांना बरं वाटलं असतं. आज वाटलं नाही. ते खुर्चीत बसले आणि दुखरे गुडघे चोळत राहिले. उमाबाईंनी चहा आणून दिला, तो त्यांनी तसाच ठेवला.

"शेवटचं एक," शिवकांता म्हणाली. "ऑफिसातल्या लॅपटॉपला लावून बघू का?"

"बघा."

तिनं डबीची डिस्क, तिच्याच वायरीसकट, लॅपटॉपला जोडली. टुंग असा आवाज झाला आणि पडद्यावर एक चौकट आली. डिस्क वापरण्याआधी ती फॉरमॅट करावी लागेल, करायची का? शिवकांता पार गळून गेली होती. यंत्र विचारतंय तर हो म्हणावं, असं तिला वाटलं असणार. तिचं बोट बटणाकडं गेलं.

"थांबा!" अमरनाथांनी तिचं मनगट धरलं. इतक्या मोठ्यानं ते कित्येक दिवसांत ओरडले नव्हते. "फॉरमॅट म्हणजे सगळं साफ. यानं हजार माणसं रडवली आहेत माझ्यासमोर."

शिवकांतानं हात मागं घेतला. तिनं तो मांडीवर घट्ट दाबून धरला.

रुद्रेशला परत फोन लावला. ऐकून तोही हादरला. "हात लावू नका! लॅपटॉपवर विंडोज आहे. लिनक्सची डिस्क त्याला वाचता येत नाही, म्हणून ते वेड्यासारखं फॉरमॅट विचारतं. पण सर... विचारलं त्यानं? डिस्क दिसली त्याला?"

"दिसली. आणि निळा दिवा इथं मिचकत नाही. स्थिर आहे."

"मग ती मेलेली नाही."

अमरनाथ उठले. थकवा होताच, पण आता त्याला काहीतरी काम लागलं होतं. "ऐका," ते म्हणाले. "कार्डावरून डबी बिनतक्रार चालते, म्हणजे डबी ठीक. डिस्क लॅपटॉपवर चालते, म्हणजे डिस्क ठीक. वायर तीच वापरली, म्हणजे वायर ठीक. मग ती दोघं एकत्र आली की काय बिघडतं? एकट्याचं पोट भरतं आणि दोघांचं भरत नाही. असं कधी होतं?"

"खायला कमी असेल तेव्हा," उमाबाई म्हणाल्या.

"रुद्रेश, टीव्हीच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चित्र होतं. ते कसलं?"

"अहो सर!" रुद्रेश जवळजवळ किंचाळला. "आधी सांगायचं नाही का! वीज कमी पडतेय म्हणून डबी तशी खूण करते. ॲडॉप्टर बघा, भिंतीतली ठोकळी. मी दिलेली तीन अँपिअरची आहे."

अमरनाथ टेबलाखाली वाकले. पांढरी ठोकळी, कुठल्याही मोबाइलची असते तशी. डबीची वायर तिच्यात खोचलेली. त्यांनी ती उपसून चष्मा वर केला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एक अँपिअर.

शिवकांताच्या नव्या मोबाइलची ठोकळी मोठी होती. ती लावली. डिस्क जोडली. निळा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

"या गं पोरींनो, बसा," शामलाबाई म्हणाल्या.

व्हरांड्यातून कुणीतरी धावत येऊन दाराला धडकलं. अक्षरा होती.

५

सगळं सापडलं होतं, आणि अमरनाथांना आता घरी जायचं होतं. पण उमाबाईंनी ती लहान ठोकळी मुठीत धरली होती आणि त्यांचा चेहरा कडक झाला होता.

"ही आपोआप बदलली नाही, साहेब. गुरुप्रसाद आवाज पुसतो म्हणाला होता ना? पासवर्ड माहीत नव्हता, मग असं केलं. मी तक्रार देणार."

"खरंच देणार?" शिवकांतानं विचारलं. सकाळपासून तिच्यावर संशय होता. तो दुसऱ्यावर गेला म्हणून ती सुटकेचा श्वास टाकील असं वाटलं होतं. तिनं टाकला नाही.

"ठोकळी द्या इकडं," अमरनाथ म्हणाले.

त्यांनी ती दारापाशी, उजेडात नेली. दोन्ही बाजूंना, चिमटीत धरतात तिथं, पिवळसर डाग होते. त्यांनी बोट फिरवलं. हळद. त्यात कणकेची वाळलेली खपली.

ते ठोकळी घेऊन स्वयंपाकघरात गेले. नागम्मानं ती बघितली आणि लाटणं खाली ठेवलं.

"तुझी?"

"व्हय."

"मी विचारलं होतं, कुणी हात लावला का."

"डबीला म्हनालता तुमी. डबीला न्हाय लावला. भितीतल्या ठोकळीला लावला." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझी बी ठोकळीच हाय की अण्णा. डबीची लाईट लागली. म्या म्हनलं, चालू हाय. त्यानं पोरींची पुस्तकं जात्यात हे मला कसं कळावं?"

"कळणार नाही. कुणालाच कळलं नसतं. पण तिथली मोठी ठोकळी कुठं गेली?"

नागम्मानं तोंडाला पदर लावला.

"नागम्मा, तिकडं उमाबाई गुरुप्रसादचं नाव पोलिसांत द्यायला निघाल्यात."

"त्या पोराचा काय बी दोष न्हाय." तिचे हुंदके वाढले. "पर म्या बोलायची न्हाय. शपथ घातलीया मला. मेल्यावानी मान टाकून दावून घातलीया. म्या कशी मोडू?"

अमरनाथ चुलीजवळच्या पाटावर टेकले. तिला आणखी विचारलं असतं तर ती बोलली असती. नोकरीत असते तर त्यांनी विचारलंही असतं. पण आता विचारायची गरज नव्हती. काल संध्याकाळी ग्रंथालयात दोनच माणसं होती. त्यातल्या एकीनं शपथ घेतली होती, म्हणजे ती घालणारी दुसरी. सकाळपासून त्यांनी डबीभोवतीच्या प्रत्येक माणसाला प्रश्न विचारले होते. शामलाबाईंना एकही नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांना विचारायचं राहूनच जातं.

"शपथ मोडू नकोस," ते उठत म्हणाले. "उमाबाईंना सांग, मी तुळजापूरला जाऊन येईपर्यंत थांबा."

६

शामलाबाईंचं घर देवळामागच्या चढावर होतं. अमरनाथ दोनदा थांबून वर पोचले. दार गुरुप्रसादनं उघडलं.

"आता काय राहिलं?"

"तुमच्याशी काम नाही. बाईंशी आहे."

"तिला बोलता येत नाही."

"मला ऐकायचंच आहे असं नाही," अमरनाथ म्हणाले.

बाई पलंगावर बसल्या होत्या. गळ्याला पांढरा रुमाल, डोळे तल्लख. उशाशी एक छोटं यंत्र होतं, कफ ओढायचं. श्वासाच्या छिद्रात कफ अडकला की ते लावायचं. वेळेवर लावलं नाही तर माणूस गुदमरतो. यंत्राजवळ दोन पांढऱ्या ठोकळ्या पडल्या होत्या. एक त्याच्याबरोबर आलेली. दुसरी जाडसर, तीन अँपिअरची.

अमरनाथांनी ती उचलली, खिशातली नागम्माची ठोकळी तिच्याशेजारी ठेवली आणि बाईंकडं पाहिलं.

"काल मशीन पिशवीत होतं," ते हळू म्हणाले, "पण त्याची बॅटरी संपलेली होती आणि ठोकळी घरी राहिलेली. नागम्मानं आपली लावून बघितली. त्या एवढ्याशा विजेवर मशीन चालेना. मग तिनं डबीची काढून लावली. डबी बंद पडू नये म्हणून आपली डबीला लावली. जाताना मोठी ठोकळी तुमच्या पिशवीत आली. चुकतोय का मी?"

बाईंनी मान हलवली. चुकत नव्हते.

"काल?" गुरुप्रसाद पुढं आला. "काल तिथं तुझा श्वास अडकला होता? मी ऑफिसात भांडत होतो तेव्हा?" त्याचा आवाज चिरकला. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि बोटानं आधी स्वतःकडं, मग खिडकीबाहेर, रस्त्याकडं दाखवलं. मग हाताचा पंजा आडवा करून हवेत दार लावल्यासारखा केला.

"मी तुला तिकडं जाऊ दिलं नसतं म्हणून," गुरुप्रसाद म्हणाला.

बाईंनी मान हलवली.

तो पलंगाच्या कडेला बसला. रागावलेला माणूस अचानक म्हातारा दिसावा तसा दिसत होता. "फौजदार साहेब," तो म्हणाला, "तिचा आवाज तिथं चोवीस तास वाजतो. मला तो ऐकवत नाही. ती घरी येऊन रडते असं मी उमाबाईंना सांगितलं. रडतो मी."

शामलाबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्या कितीतरी वेळ मुलाकडं नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी ती जाड ठोकळी उचलली, पिशवीत टाकली, यंत्र टाकलं, या खेपेला त्याची ठोकळीही टाकली, आणि चपला शोधायला लागल्या.

७

जळकोटला पोचेपर्यंत दुपार कलली होती. अमरनाथांनी उमाबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. उमाबाई बाहेर उभ्या असलेल्या गाडीपाशी गेल्या. गुरुप्रसाद आत आला नव्हता.

"माझं चुकलं," त्या काचेपाशी वाकून म्हणाल्या. "सगळ्या मुलींसमोर तुझं नाव घेतलं मी. सगळ्या मुलींसमोरच माफी मागते."

"नको," तो म्हणाला. "फक्त तिला पुन्हा काही वाचायला लावू नका."

"आता ती काय वाचणार रे, बाळा?"

त्यानं काच अर्धी वर केली.

आत वेगळाच प्रश्न उभा होता. दुसरी प्रत काढून ठेवायची म्हणून शिवकांता एकेक पुस्तक तपासत होती आणि इतिहासाशी येऊन थांबली होती. शेवटचा पाठ नव्हता. डबीनं घालवला म्हणून नाही. तो वाचलाच गेला नव्हता. ऑपरेशनची तारीख आधी आली होती.

"परीक्षेला तोच येतो दर वेळी," अक्षरा म्हणाली.

शामलाबाईंनी ते ऐकलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, टेबलावरचं पुस्तक उघडून शेवटचा पाठ काढला आणि शिवकांतासमोर सरकवला. मग माईक तिच्याकडं वळवला.

"नको बाई," शिवकांता म्हणाली. "तुमच्या पुस्तकात माझा आवाज? मुली हसतील."

दारातल्या मुलींपैकी कुणीही हसलं नाही. बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि बसल्या. शिवकांतानं नाइलाजानं वाचायला सुरुवात केली, नेहमीसारखी, भरधाव. पहिल्याच वाक्यात बाईंनी बोटानं टेबलावर टक् केलं. शिवकांता थांबली. बाईंनी श्वास घ्यायची खूण केली. ती पुन्हा सुरू झाली. स्वल्पविरामाला टक्. पूर्णविरामाला जरा उशिरानं टक्. एका मोठ्या वाक्याच्या मध्यावर, जिथं छापलेलं कुठलंच चिन्ह नव्हतं, तिथंही टक्. शिवकांता तिथं थांबली आणि त्या वाक्याचा अर्थ तिला स्वतःलाच पहिल्यांदा लागल्यासारखा तिचा आवाज खाली उतरला.

"ते टकटक रेकॉर्ड होतंय, बाई," उमाबाई कुजबुजल्या.

"होऊ द्या," अक्षरा म्हणाली.

अमरनाथ व्हरांड्यात आले. महामार्गावरून एसटी थांब्याकडं वळताना दिसत होती. आत्ता निघालं असतं तर मिळाली असती आणि घरी जाऊन आडवं होता आलं असतं. ते पायरीवर बसले. फाटकापाशी गाडीची काच अर्धी खाली होती. आतून शिवकांताचा आवाज येत होता, आणि मधे मधे ते टक्. एसटी निघून गेली. थोड्या वेळानं गाडीचं दार उघडलं आणि गुरुप्रसाद खाली उतरला. तो फाटकातून आत आला नाही. फाटकाच्या लोखंडी गजाला धरून उभा राहिला आणि आईचं बोट जिथं टेबलावर पडत होतं, तिथं तिथं त्याची मान हलत होती.